लोड आला की मान टाकणारा, अडॅप्टरवर चालणारा छोटा पीसी

“मामा, परत गेला.”

भाचीचा हा फोन फेब्रुवारी ते जून या काळात मला सहा-सात वेळा तरी आला असेल. ती आर्किटेक्चरला आहे आणि तिचा छोटा पीसी मीच जुळवून दिलाय, त्यामुळे तक्रारही माझ्याकडेच. प्रकार दर वेळी तोच. सबमिशनची आदली रात्र, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (मॉडेलपासून चित्र बनवायचं जड काम) लावलेला, आणि अचानक स्क्रीन काळी, पंखा थांबलेला, टेबलाखाली अडॅप्टरचा हिरवा दिवा लुकलुकतोय. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभराने चालू केलं की पीसी जणू काही झालंच नाही अशा थाटात सुरू. मेल, यूट्यूब, ड्रॉइंग दिवसभर बिनबोभाट चालायचं. रेंडर लावला की पुन्हा डोळे मिटायचा.

हा दोष मी दोनदा ‘दुरुस्त’ केला आणि दोन्ही वेळा तो महिना-दीड महिन्यात परत आला. तिसऱ्या वेळी नवीन काही विकत न आणता मल्टिमीटर घेऊन बसलो.

आधी जुळणी सांगतो. मिनी-आयटीएक्स बोर्ड, म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटरचा, बी५५० चिपसेट. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, १६ जीबीच्या दोन रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. कॅबिनेट इतकं बारकं की नेहमीचा एटीएक्स पॉवर सप्लाय त्यात बसतच नाही. त्याऐवजी बोर्डाच्या २४ पिनी सॉकेटात थेट खोचायची डीसी-डीसी पट्टी, जिला बहुतेक जण पिको म्हणतात. तिच्यावर १६० वॅट छापलंय. कॅबिनेटच्या मागे गोल पिनेचा जॅक आणि बाहेर १२ व्होल्ट, १० अँपिअरचा अडॅप्टर.

या पट्ट्या दोन जातींच्या असतात आणि आपली कुठली हे माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. एक जात फक्त १२ व्होल्ट घेते. ५ आणि ३.३ व्होल्ट ती स्वतः बनवते, पण १२ व्होल्ट अडॅप्टरकडून जसे येतात तसेच पुढे ढकलते. दुसरी जात रुंद इनपुटची. तिला १९ व्होल्टचा अडॅप्टर चालतो, कारण १२ व्होल्टही ती आतच तयार करते. आमची पट्टी पहिल्या जातीची. म्हणजे जॅकपाशी ११.२ व्होल्ट पोचले तर प्रोसेसरच्या चार पिनीलाही तेवढेच, किंबहुना थोडे कमीच. पीसीच्या पॉवर सप्लायसाठीच्या एटीएक्स नियमात १२ व्होल्टच्या रेषेला, म्हणजे त्या पुरवठ्याला, ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६. त्याखाली गेलात की बोर्डाने किंवा पट्टीने हात वर केले तर तक्रार करायला जागा नाही.

सुरुवातीला मी नेहमीचे यशस्वी उपाय केले. रॅम काढून पुसून बसवल्या, विंडोज नव्याने टाकलं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसते म्हणून ‘पॉवर सप्लाय गेला’ असा निष्कर्षही काढला. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. तुम्ही स्वतः प्लग उपटलात तरी ४१ च येणार. त्याच नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड असतो, तो बघा. तिथे शून्य असेल तर निळा पडदा न येता मशीन गेलंय, आणि मग विजेकडे बघायला अर्थ आहे. लिनक्सवर मागच्या वेळचं जर्नल, म्हणजे सिस्टिमची नोंदवही, बंद होतानाच्या ओळी न येताच मध्ये तुटल्यासारखं संपतं, ती हीच खूण.

याहून कामाची खूण अडॅप्टरच्या दिव्यात असते. पीसी गेल्यावर दिवा लुकलुकत असेल, कान लावल्यावर बारीक टिक्‌टिक् येत असेल, तर अडॅप्टरने जास्त करंट पाहून स्वतःला आवरलंय; दर थोड्या वेळाने तो ‘आता घेऊ का?’ असं विचारून पाहतो आणि पुन्हा मागे सरतो. दिवा स्थिर आणि पीसी मेलेला असेल तर अडॅप्टरने आपलं काम केलंय, पट्टीने किंवा बोर्डाने तोडलंय. दिवा पूर्ण विझलेला आणि अडॅप्टर हाताला चटका देतोय, तर तो तापून बंद झाला असेल. वीस मिनिटं थंड होऊ दिला की उठतो. आमचा दिवा लुकलुकत होता. म्हणून मी अडॅप्टर बदलला. इथेच फसलो.

हिशोब करायला हवाच होता म्हणा. ५६००जी ‘६५ वॅटचा’ म्हणून विकला जातो, पण त्याची पीपीटी, म्हणजे सॉकेटातून तो जास्तीत जास्त ओढू शकेल ती मर्यादा, ८८ वॅट आहे. त्यावर बोर्डावरच्या व्हीआरएमचा (१२ व्होल्टचे प्रोसेसरला हवे तितके कमी व्होल्ट करणारा भाग) तोटा, रॅम, एसएसडी, पंखे, यूएसबीला लटकलेलं जे काही असेल ते. पूर्ण रेंडरला आमचं मशीन पट्टीपाशी साधारण १०५ वॅट घेतं. १२० वॅटच्या अडॅप्टरवर हे बसतं, पण घासून. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदाराचं म्हणणं सोपं होतं: “साहेब, दहा अँपिअर लिहिलंय ना? मग चालतंय की.” एलईडी पट्ट्यांना चालतंच. एलईडीची पट्टी एकदा लागली की तासन्‌तास एकच करंट घेते. पीसी दोन अँपिअरवर निवांत बसलेला असतो आणि रेंडरचं बटण दाबताच क्षणात नवावर जातो. चांगल्या कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. मीन वेल कंपनीच्या जीएसटी१२०ए मालिकेत १९ व्होल्टचा नग ६.३२ अँपिअर, म्हणजे १२० वॅट देतो. १२ व्होल्टचा मात्र ८.५ अँपिअर, म्हणजे १०२ वॅटच. नावात १२० आणि हातात १०२. व्होल्ट कमी म्हणजे करंट जास्त, आणि करंट जास्त म्हणजे तोटा जास्त. त्यामुळे मालिकेचं नाव सोडा, त्या नगाचा आकडा वाचा.

तर पहिल्यांदा त्याच आकड्याचा पण जरा बऱ्या बनावटीचा अडॅप्टर घेतला. सहा आठवडे सुखाचे गेले. मग फोन. दुसऱ्यांदा म्हटलं खर्च झाला तर झाला, १२.५ अँपिअरचा, दीडशे वॅटचा घेऊ. महिनाभर शांतता. मग मे महिन्यात, ज्युरीच्या, म्हणजे कॉलेजातल्या प्रोजेक्ट-परीक्षणाच्या, आदल्या रात्री, फोन. यावेळी ती नुसतं “मामा” म्हणाली, पुढचं मला कळलं.

दर वेळी नवीन अडॅप्टर आला की पीसी सुधारायचा, यावरून मी अडॅप्टरलाच दोषी धरत होतो. पण नव्या अडॅप्टरबरोबर वायरीच्या टोकाची गोल पिनही नवी येते, हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोजणी अशी केली. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. कॅबिनेट उघडं, पट्टीतून निघालेल्या रिकाम्या मोलेक्स प्लगमध्ये (ड्राइव्हला वीज देणारा चार पिनी प्लग) लाल प्रोब पिवळ्या वायरीच्या जागी, काळा काळ्याच्या जागी. विंडोजमधल्या किंवा बायोसमधल्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका. तो बोर्डावरच्या सेन्सरचा अंदाज असतो, काही बोर्डांवर अर्धा-अर्धा व्होल्ट चुकीचा. निवांत असताना ११.८८ आले. भाचीला म्हटलं, “लाव रेंडर.” आकडा एका दमात ११.०८ वर आला आणि तिथेच थरथरत राहिला. ११.४ च्या कितीतरी खाली. दीडशे वॅटचा जवळजवळ नवा अडॅप्टर लावलेला असताना!

मग प्रश्न उरला की व्होल्ट कुठे सांडतायत. लोड चालू ठेवून तीन ठिकाणी मोजलं. एक, अडॅप्टरच्या वायरीत, प्लगच्या जरा अलीकडे. तिथे आतलं तांबं गाठायला दोन टाचण्या वायरीच्या कव्हरातून टोचल्या. दोन्ही टाचण्या एकमेकींपासून लांब, वेगवेगळ्या वायरीत आणि फक्त १२ व्होल्टच्या बाजूला. अडॅप्टरचं खोकं मात्र उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. दोन, कॅबिनेटच्या जॅकच्या मागे जिथे वायरी सोल्डर केल्यात ती टोकं. तीन, मोलेक्स.

लोड नसताना नुसता अडॅप्टर १२.१० देत होता. लोडखाली टाचण्यांपाशी ११.८०, जॅकच्या मागे ११.३०, मोलेक्सला ११.०८. अडॅप्टरच्या सव्वा मीटर वायरीत ०.३० व्होल्ट गेले, ते समजण्यासारखं आहे. आतल्या बारीक वायरीत आणि पट्टीत ०.२२. आणि प्लग जॅकमध्ये शिरतो त्या सेंटिमीटरभर जागेत अर्धा व्होल्ट! साडेनऊ अँपिअरला अर्धा व्होल्ट म्हणजे पावणेपाच वॅट उष्णता, वाटाण्याएवढ्या जागेत. प्लग हातात धरला तर खरंच चटका बसला. काळ्या प्लॅस्टिकची कड किंचित वितळून चकाकत होती. इतके दिवस ती टेबलामागे, भिंतीकडे तोंड करून होती.

हा अर्धा व्होल्ट धन बाजूला जातोय की ऋण, तेही बघा. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन एक प्रोब धन टाचणीला आणि दुसरा जॅकच्या धन टोकाला. मग तसंच ऋण बाजूला. परतीच्या वायरीत तोटा होतो हे बरेच जण विसरतात. आमच्याकडे ४१० मिलिव्होल्ट मधल्या पिनेवर आणि ९० बाहेरच्या नळीवर. मधली पिन म्हटल्यावर खाडकन ट्यूब पेटली.

हे गोल प्लग बाहेरून दिसतात एकसारखे, व्यास ५.५ मिलिमीटर. आतलं भोक मात्र २.१ चं किंवा २.५ चं. २.१ चा प्लग २.५ च्या पिनेवर चढतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलट चूक घातक: २.५ चा प्लग २.१ च्या पिनेवर अगदी सहज जातो, दिवा लागतो, पीसी सुरू होतो. कॅबिनेटसोबत आलेला जॅक २.१ चा होता, अडॅप्टर तिन्ही २.५ चे. नव्या प्लगमधल्या स्प्रिंगच्या पात्या कडक असतात, बारीक पिनेलाही त्या काही आठवडे धरून ठेवतात. मग नऊ अँपिअरने तापून पात्या ढिल्या होतात, पकड सुटते, रोध वाढतो, आणखी तापतं. पुढच्या सबमिशनला फोन. शिवाय असले जॅक बहुतेक ५ अँपिअरच्या हिशोबाने बनवलेले असतात. म्हणजे माप जुळलं असतं तरी आम्ही त्यातून जवळपास दुप्पट करंट नेत होतो.

आता अडॅप्टरचा दिवा का लुकलुकत होता, तेही उलगडलं. प्रोसेसरच्या व्हीआरएमला व्होल्टशी देणंघेणं नसतं, त्याला वॅट हवेत. व्होल्ट कमी मिळाले तर तो करंट जास्त ओढतो. १०५ वॅटला १२ व्होल्टवर ८.७५ अँपिअर लागतात, ११.०८ वर साडेनऊ. करंट वाढला की ढिल्या पिनेवर आणखी व्होल्ट जातात, मग करंट आणखी वाढतो. पिनेचा स्पर्श क्षणभर तुटून पुन्हा जुळला की पट्टीचे कपॅसिटर एकदम भरायला लागतात, आणि त्या झटक्याला अडॅप्टर मान टाकतो. बिचारा आपलं काम चोख करत होता, आणि मी त्यालाच दोनदा घराबाहेर काढलं.

दुरुस्तीला दोनशे रुपयेही लागले नाहीत. जॅक काढून टाकला. ड्रोन आणि आरसी गाड्यांचं सामान विकणाऱ्यांकडे एक्सटी६० नावाचा पिवळा कनेक्टर मिळतो, जाड सोनेरी पिनांचा; दहा अँपिअर त्याच्या खिजगणतीत नाहीत. अडॅप्टरचा प्लग कापून तिथे त्याची एक बाजू लावली, कॅबिनेटच्या बाजूने दुसरी, आणि आतली वायर दीड स्क्वेअर एमएमची, जेमतेम वीतभर. करताना तीन गोष्टी सांभाळा. अडॅप्टरच्या टोकाला झाकलेल्या छिद्रांची बाजू लावा, उघड्या पिनांची नको. नाहीतर टेबलाखाली पडलेलं टोक स्टेपलर पिनेवर टेकायचा अवकाश. वायर कापल्यावर धन-ऋण मीटरने तपासूनच सोल्डर करा. रंगांवर भरवसा नको, काही अडॅप्टरच्या वायरीत मध्ये एक तार आणि भोवती जाळी असते, तिथे रंगच नसतो. आणि कनेक्टर जोडायचा तो भिंतीवरचं बटण बंद ठेवून, कारण चालू अडॅप्टर जोडला तर चट्‌कन ठिणगी उडते आणि हळूहळू पिनेवर काजळी धरते. सोल्डरिंगला पंचवीस वॅटची बारकी गन पुरत नाही, दीड स्क्वेअरची वायर उष्णता खाऊन टाकते. मी शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडून साठ वॅटची आणली. त्यांनी माझा पहिला डाग बघून “हे काय शेण लावलंय?” म्हणत तो काढून स्वतःच नीट मारून दिला.

नंतर त्याच रेंडरला मोलेक्सपाशी ११.७०. दोन महिन्यांनी मोजलं तेव्हा ११.६९.

सोल्डरिंग जमत नसेल तर तूर्तास बायोसमध्ये जाऊन पीबीओ या रायझनच्या वीज-मर्यादांच्या मेन्यूखाली पीपीटी हाताने ६० वॅट लिहा. इंटेलवर तोच खेळ पीएल१ (सततची वॅट-मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) ने करायचा. तिथे ६५ वॅटच्या आय५-१२४०० ला सुरुवातीच्या काही सेकंदांसाठी ११७ वॅटपर्यंत सूट असते, त्यामुळे मशीन गेलंच तर बहुधा लोडच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात जातं. भाचीच्या मशीनवर दुरुस्तीआधीचे चार दिवस हे ६० चं बंधन होतं. बावीस मिनिटांचा रेंडर पंचवीसवर गेला, पण पुरा झाला. खरं सांगायचं तर आवाज इतका कमी झाला की तिला ते बंधन काढायचंच नव्हतं.

मुळापासून नवीन जुळवणार असाल तर माझा कौल १९ व्होल्ट आणि रुंद इनपुटच्या पट्टीला. तेवढ्याच वॅटला करंट सहाच्या आत राहतो आणि वायरीतला थोडाफार तोटा पट्टी भरून काढते. फक्त ती पट्टी स्वतः तापते, तिच्याकडे हवा जायला हवी. आणि घरात दोन्ही प्रकार असतील तर सांभाळून! लॅपटॉपचा १९ व्होल्टचा आणि पीसीचा १२ व्होल्टचा, दोन्ही प्लग ५.५ चे असू शकतात. १९ चा प्लग फक्त-१२ वाल्या पट्टीत गेला आणि तिच्यात संरक्षण नसेल, तर ड्राइव्ह आणि बोर्ड दोन्ही गेले. मी १९ वाल्यावर पांढऱ्या नेलपेंटचा जाड पट्टा ओढलाय.

याच घराण्यातला दुसरा त्रास: पहिल्यांदा बटण दाबलं की पंखा अर्धा फेरा मारून थांबतो, दुसऱ्यांदा दाबलं की सुरू. ३.५ इंची हार्ड डिस्क असतील तर आधी त्यांच्याकडे बघा. फिरायला लागताना एकेक डिस्क १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास घेते, चार डिस्कचे आठ. दुसऱ्या वेळी चकत्या आधीच थोड्या फिरत असतात म्हणून निभावतं. कंट्रोलरमध्ये डिस्क एकामागून एक फिरवायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर अडॅप्टर खरोखरच मोठा लागेल. इथे मीटरची गरज नाही, तीन डिस्क काढून बघितलं की कळतं.

स्लीपमधून उठताना मशीन रीस्टार्ट होत असेल तर ५ व्होल्ट स्टँडबायवर, म्हणजे मशीन झोपलेलं असतानाही चालू राहणाऱ्या रेषेवर, भार जास्त असू शकतो. या छोट्या पट्ट्या त्या रेषेवर साधारण दीड-दोन अँपिअरच देतात आणि रात्रभर यूएसबीला दोन फोन चार्जिंगला लावलेले असतात. फोन काढा.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू होतो, ट्यूब विझतही नाही, पण पीसी मात्र रीस्टार्ट होतो, ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल किंवा ईको असं बटण असतं. नॉर्मलवर तो बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो. पूर्ण लोडवर असलेला अडॅप्टर तेवढा वेळ तग धरत नाही. यूपीएसवर टाका. मात्र त्या मोडमध्ये व्होल्टेज १८०-१९० च्या खाली गेलं की तो बॅटरीवर उडी मारतो, त्यामुळे गावाकडे, जिथे संध्याकाळी १७० च येतात, तिथे बॅटरी रात्रीपर्यंत रिकामी होईल. काही जण यावर तोडगा म्हणून १२ व्होल्टची बॅटरी थेट पट्टीला जोडतात. फक्त-१२ वाल्या पट्टीला ते करू नका: चार्जिंगला असलेली लेड-ॲसिड बॅटरी १३.५ च्या वर असते, आणि १२.६ ची मर्यादा वर सांगितलीच आहे. रुंद इनपुटच्या पट्टीला चालतं, मध्ये फ्यूज टाकून.

शेवटचं, अ‍ॅल्युमिनियमच्या कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात, विशेषतः अनवाणी असताना. दोन पिनी अडॅप्टरमध्ये अर्थ (जमिनीला जोडलेली वायर) नसते आणि आतल्या बारीक कपॅसिटरमधून अगदी किरकोळ करंट कॅबिनेटवर येतो. मीटर लावला तर शंभराच्या आसपास एसी व्होल्ट दिसून घाबरायला होतं, पण त्यात जोर नसतो. तरी यूएसबी ऑडिओ किंवा एचडीएमआय जोडताना त्याने पोर्ट जाऊ शकतं. तीन पिनी, अर्थ डीसीच्या ऋण टोकाला जोडलेला अडॅप्टर घ्या आणि आधी भिंतीवरच्या सॉकेटात अर्थ खरंच येते का, हे वायरमनकडून तपासून घ्या. भाचीच्या खोलीत तिसरी पिन होती, मागे वायरच नव्हती.